ताकदीआधी वाक आडवा येतो
जास्त मजबूत पोलाद वापरलं की कॅन्टिलिव्हर (एकाच टोकाला पक्का धरलेला, दुसरं टोक अधांतरी असलेला भाग) हवा तेवढा लांबवता येईल, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पोलाद कितीही मजबूत घेतलं तरी त्याचा ताठपणा जवळपास तेवढाच राहतो आणि लांब कॅन्टिलिव्हरला तुटण्याआधी वाकणंच नडतं. तुळई तीच, दर मीटरला भारही तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर मुळाशी, म्हणजे धरलेल्या टोकाला, बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) चौपट होतो, पण टोक 16 पट झुकतं! शिवाय मागच्या बाजूला तोलायला वजन किंवा पक्की पकड हवीच.

काँक्रीट तर भार तोच असला तरी वर्षानुवर्षं हळूहळू झुकत राहतं. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या फॉलिंगवॉटर घराचे सज्जे असेच खाली आले होते. 2002 मध्ये पोलादी केबल ताणून ते सावरले.

इमारतींत सिंगापूरच्या मरिना बे सँड्सची गच्ची सुमारे 66 मीटर बाहेर येते. पुलांची मजल याहून फार मोठी. स्कॉटलंडमधल्या 1890 च्या फोर्थ रेल्वे पुलाचे हात 200 मीटरहून लांब आहेत, पण मुळाशी त्या सांगाड्याची उंचीच सुमारे 100 मीटर आहे. घराच्या तुळईला एवढी उंची कुठून देणार?