दोघांच्या कष्टावर चाललेले घर : आपापले अनुभव लिहा

पंचगंगाकाठ :
इचलकरंजीतल्या आमच्या जुन्या गल्लीत साधे यंत्रमाग किलोच्या भावाने भंगारात चाललेले पाहिले आणि आजी-आजोबांची फार आठवण झाली. आजोबा खर्चीवाले होते. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग आमचे आणि मजुरी मीटरवर. पुढच्या खोलीत चार माग होते आणि मागच्या खोलीत संसार होता. आजोबा तुटलेली तार म्हणजे धागा सांधत, तर आजी पहाटेपासून कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या लहान नळ्या, भरत असे. मागांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नसे, त्यामुळे आजोबांनी रिकामी कांडी वर धरून दाखवली की आजी भरलेल्या कांड्यांची टोपली पुढे सरकवत असे. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र नाव फक्त आजोबांचे होते. तुमच्या घरीही नवरा-बायकोने मिळून संसार असा उभा केला असेल, तर अवश्य लिहा.

सोलापूरची लेक :
वडील चादरीच्या कारखान्यात नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावर होते आणि आई घरी विड्या वळत असे. तेंदूची पाने रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची आणि मग मांडीवर सूप घेऊन, शेजारणींशी तेलुगूत बोलता बोलता विडी वळून दोऱ्याने बांधायची, हा तिचा रोजचा क्रम होता. मजुरी हजार विड्यांवर मिळे. परंतु तपासणारा जितक्या विड्या छाट म्हणून बाजूला काढी, तितक्या पुन्हा भरून द्याव्या लागत. त्याचा मला आजही संताप येतो. मात्र आईकडे विडी कामगाराचे कार्ड होते, तिचा फंड कापला जाई आणि कुंभारीच्या, विडी कामगार बायकांसाठी बांधलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतले घरही तिच्याच नावावर झाले. वडिलांना पगाराची चिठ्ठीसुद्धा कधी मिळाली नाही.

मधुरा :
कुकर होईपर्यंत घाईने लिहिते आहे. 52 पिकास अमुक मजुरी, असे बातम्यांत वाचते. ते नेमके काय असते?

पंचगंगाकाठ :
एका इंचात बसणारे आडवे धागे म्हणजे पिक. कापड जितके दाट, तितके आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचे फेरे अधिक आणि मीटरभर विणायला वेळही अधिक. त्यामुळे 52 पिकाचा दर ठरला की त्यावरून इतर कापडाची मजुरी काढतात. कांड्या भरण्याची मजुरी आमच्या घरात कधी कोणी वेगळी मोजलीच नाही.

घडीवाल्याचा मुलगा :
अगदी खरे आहे. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि तिथले जहागीरदार नारायणराव घोरपडे सरकारांनी या धंद्याला आधार दिला, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. पण कांडीवाल्या बायकांविषयी कोणी चार वाक्येही सांगितली नाहीत. माझी आई त्यांच्यापैकीच एक होती. संध्याकाळी तिच्या केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले असत, आणि ते झटकून ती लगेच भाकरी थापायला बसे. वडील कापडाच्या घड्या घालून दमून येत, तरी पाणी तेच भरत, हेही सांगितले पाहिजे.

मधुरा :
सोलापूरच्या ताई, आईंना आता पेन्शन मिळते का?

सोलापूरची लेक :
हो, महिन्याला हजाराच्या आसपास मिळते. औषधांनाही ते पुरत नाही. तरीही हयातीचा दाखला देण्याची वेळ आली की ती आठवडाभर आधीच मला फोन करते.