मदत हवी आहे: उंदरांच्या स्प्लीनचा एलिस्पॉट तिसऱ्यांदा कोरा

नवी_पिपेट (नाशिक): तिसरी प्लेट वाया गेली. उंदरांना ओव्हाल्ब्युमिनचे (ओव्हा, अंड्यातलं प्रथिन) दोन डोस दिलेत. स्प्लीन (प्लीहा) काढली, तिच्या सेल्समध्ये नेहमीचं ओव्हा पेप्टाइड (त्याच प्रथिनाचा छोटा तुकडा) घातलं, रात्रभर ठेवलं, इंटरफेरॉन-गॅमाचा एलिस्पॉट केला (हे सिग्नल-प्रथिन सोडणारी प्रत्येक सेल प्लेटवर एक स्पॉट उमटवते). नुसत्या मीडियाच्या (सेल्सचं पोषक द्रावण) वेलमध्ये (प्लेटमधला खळगा) दोन-तीन स्पॉट, पेप्टाइडच्या वेलमध्येही तेवढेच. किट नवीन आहे, प्रोटोकॉल जसाच्या तसा पाळलाय. सोमवारी गाईडना दाखवायचंय. काय बदलू? कृपया लवकर सांगा.

सातपूरकर: एका वेलमध्ये सेल्स किती? सेल्स चालतात का हे बघायला कंट्रोल म्हणून कॉन-ए लावलं होतं का? प्लेट पीव्हीडीएफ पडद्याची असेल तर आधी ३५ टक्के इथेनॉलने ओली केलीत का?

नवी_पिपेट: अडीच लाख. इथेनॉल एक मिनिटाच्या आत धुऊन काढलं. कॉन-एची वेल तर इतकी गच्च भरली की स्पॉट मोजताच येत नाहीत.

जुना_इन्क्युबेटर: एफबीएस (मीडियात घालायचं गाईच्या गर्भाचं सीरम) बदला. ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून घेतलंत का? आमच्या सहा महिन्यांचं वाटोळं एका बाटलीने केलं होतं. नवा लॉट आणला आणि सगळं सुरळीत झालं. मीडियात ५० मायक्रोमोलर मर्कॅप्टोइथेनॉलही हवं, त्याशिवाय उंदराच्या लिम्फोसाइट नीट टिकत नाहीत.

सातपूरकर: अहो, कॉन-एला गच्च स्पॉट आलेत. म्हणजे सेल्स जिवंत, अँटिबॉडी चालू, रंगही चालू. मग एफबीएस कसा दोषी?

जुना_इन्क्युबेटर: कॉन-ए टी सेल्सना सरसकट पेटवतं. थकलेल्या सेल्ससुद्धा त्याला उत्तर देतात. पेप्टाइडला देतीलच असं नाही. अनुभवाचं बोलतोय.

फ्लो_करा: एलिस्पॉटच्या नादी कशाला लागता? ब्रेफेल्डिन घालून सायटोकाइन (सिग्नल-प्रथिन) सेल्सच्या आतच अडकवा आणि फ्लोवर, म्हणजे एकेक सेल तपासणाऱ्या मशीनवर, बघा. टी सेल्स सीडी४ प्रकारच्या की सीडी८, तेही लगेच कळतं.

नवी_पिपेट: फ्लोचं मशीन आमच्याकडे नाही. पुण्याला सॅम्पल न्यायचं तर पाच तास रस्त्यातच जातात. प्लीज, जे विचारलंय तेवढं सांगा.

गंगापूर_रोड: रक्तातून टीबीची टेस्ट करतात ती हीच का? वडिलांना सांगितली आहे. नाशिकमध्ये कुठे होते?

सातपूरकर: तत्त्व जवळपास तेच, पण ती माणसाच्या रक्तावर करतात. सुप्त टीबी आणि चालू टीबी यांतला फरक ती सांगत नाही, म्हणून डॉक्टरांनाच विचारा. नवी_पिपेटताई, उंदीर कोणते? आणि “नेहमीचं” म्हणजे नेमकं कोणतं पेप्टाइड?

नवी_पिपेट: पांढरे, बाल्ब-सी. पेप्टाइड सिनफेकल, ओव्हाचा २५७ ते २६४ हा तुकडा. सगळ्या पेपरांत तेच असतं ना?

सातपूरकर: ताई, घोळ इथेच आहे. सिनफेकल धरून टी सेल्सना दाखवतो तो एच-२-के-बी रेणू, आणि तो ब्लॅक सिक्स या काळ्या उंदरांत असतो. बाल्ब-सी हे एच-२-डी, म्हणजे त्यांचे हे रेणू वेगळे. त्यांच्या सेल्सना हे पेप्टाइड दाखवताच येत नाही, मग स्पॉट येणार कुठून? त्या पेपरांत उंदीर काळे असतील, बघा. बाल्ब-सीसाठी ३२३ ते ३३९ हे पेप्टाइड घ्या, ते सीडी४ सेल्सचं आहे.

फ्लो_करा: हे बरोबर आहे. ओव्हा ॲल्युममध्ये (प्रतिसाद वाढवणारा ॲल्युमिनियमचा क्षार) मिसळून दिलंत का?

नवी_पिपेट: हो, ॲल्युममध्येच.

फ्लो_करा: मग पेप्टाइड बदललं तरी इंटरफेरॉन-गॅमा कमीच येईल. ॲल्युम प्रतिसाद टीएच-२ कडे झुकवतं, आणि त्या प्रकारच्या सीडी४ सेल्स इंटरफेरॉन-गॅमाऐवजी आयएल-४, आयएल-५ ही सिग्नल-प्रथिनं सोडतात. आयएल-४ किंवा आयएल-५ चीही प्लेट लावा.

नवी_पिपेट: तीन प्लेट आणि सहा उंदीर गेले हो. उंदरांची स्प्लीन मी स्वतःच्या हाताने जाळीवर घासली आहे, फार वाईट वाटतंय. अजून चार उंदीर आहेत. नवं पेप्टाइड यायला दहा दिवस लागतील.

सातपूरकर: तोवर अख्खं ओव्हाल्ब्युमिन घाला, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ४८ तास. पण साध्या ओव्हामध्ये एलपीएस (जिवाणूंचं एंडोटॉक्सिन) असतं, त्याने खोटे स्पॉट येतात. म्हणून एंडोटॉक्सिन काढलेलं घ्या आणि लस न दिलेल्या एका उंदराच्या सेल्सनाही तेच लावा. आधी एकाच उंदरावर करून पाहा, बाकीचे तीन राखून ठेवा.

जुना_इन्क्युबेटर: आणि प्लेट एकावर एक रचू नका. इन्क्युबेटरचं दारही मध्ये उघडू नका, सेल्स हलल्या की स्पॉटना शेपट्या फुटतात. एफबीएसचं मात्र मी अजूनही म्हणेन.

नवी_पिपेट: एंडोटॉक्सिन-मुक्त ओव्हा शेजारच्या लॅबमध्ये आहे, आत्ताच मागून आणते. गाईडना आज रात्रीच फोन करून सांगते की पेप्टाइड चुकलं होतं.