व्हर्टस जीटी की व्हर्ना टर्बो? आणि लीजवर घ्यावी की स्वतःच्या नावावर, इन्शुरन्सचा हिशेब लागेना

शिवाजीपेठकर_०९
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचाच, नोकरी पुण्यातल्या आयटी कंपनीत, आठवड्याला एक फेरी असतेच, बाकी घरातनंच काम. आत्ता जुनी हॅचबॅक आहे, तिच्यावर ५० टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट) जमलाय, एकपण क्लेम नाही. आता जरा दमदार सेडान घ्यायची लई दिवसाची इच्छा आहे, व्हर्टस जीटी १.५ नाहीतर स्लाव्हिया १.५ नाहीतर व्हर्ना टर्बो, तिन्ही चालवून बघितल्या, तिन्ही आवडल्या. कंपनीत एचआर म्हणतंय कार लीज पॉलिसी आहे, ४ वर्षं, रेंटल पगारातनं टॅक्सच्या आधी कापणार, इन्शुरन्स मेंटेनन्स सगळं त्यातच. घरी बाबा म्हणतात की भाड्याच्या गाडीत जीव लावू नको, लोन काढ आणि स्वतःच्या नावावर घे. माझे प्रश्न दोनच, एक म्हणजे टर्बो गाडी म्हणून इन्शुरन्स लई चढतो का, आणि दुसरं म्हणजे लीजमध्ये इन्शुरन्स "फुकट" म्हणतात तो खरंच स्वस्त पडतो का? ज्यांनी घेतलीय त्यांनी सांगा प्लीज, महिना अखेरपर्यंत एचआरला कळवायचंय.

करूळघाट_लव्हर
भावा आधी अभिनंदन, गाड्या तिन्ही एक नंबर. माझ्याकडं व्हर्टस जीटी आहे, गगनबावड्याकडनं कोकणात उतरताना जो आनंद मिळतो तो शब्दात सांगता येत नाही, त्यामुळं घेच. इन्शुरन्सचं म्हणशील तर आपल्याकडं थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा सक्तीचा विमा) दर इंजिनच्या सीसीवर ठरतो, ताकदीवर नाही. व्हर्टस आणि स्लाव्हिया १४९८ सीसी, १५० पीएस, व्हर्ना टर्बो १४८२ सीसी, १६० पीएस, म्हणजे तिन्ही १००० ते १५०० च्या स्लॅबमध्येच बसतात. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात या स्लॅबला वर्षाला ३४१६ रुपये, १५०० च्या वर गेलास की थेट ७८९७. नवीन गाडीला थर्ड पार्टी ३ वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, २०१८ च्या सप्टेंबरपासनं तो नियम आहे, तो या स्लॅबला १०६४० आणि वरच्या स्लॅबला २४५९६. म्हणजे १२० पीएसची साधी होंडा सिटी आणि तुझी १५० पीएसची जीटी, थर्ड पार्टीला दोघींना एकच पैसा. फक्त १.० लिटरची व्हर्टस नाहीतर स्लाव्हिया घेतलीस तर ९९९ सीसी म्हणून वर्षाला २०९४ ला सुटतोस, पण तेवढ्या पैशासाठी कुणी १.५ सोडू नये असं मला मनापासून वाटतं.
माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तिकडं चालवणाऱ्याचं वय, रेकॉर्ड, बहुतेक राज्यांत क्रेडिट स्कोअरसुद्धा बघून प्रीमियम काढतात आणि पोरगा तरुण, गाडी फास्ट असली की डोळे पांढरे होतात. तिकडचे व्हिडिओ बघून इथला अंदाज लावू नको.

राजारामपुरी_पॉलिसीवाला
मी इन्शुरन्सच्याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरच्या दादांनी थर्ड पार्टीचं बरोबर सांगितलंय, पण खरा पैसा ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) जातो आणि तो आयडीव्हीवर (गाडीची विम्यात धरलेली किंमत) असतो, म्हणजे गाडी महाग तर प्रीमियम जास्त, सरळ आहे. धरा एक्स-शोरूम १८ लाख, नवीन गाडीला ५ टक्के वजा करून आयडीव्ही १७ लाख १० हजार. जुन्या टॅरिफचा बेस दर या स्लॅबला झोन बी मध्ये (झोन म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या गावानुसार पाडलेला गट) ३.१९१ टक्के, म्हणजे साधारण ५४५००. आपलं कोल्हापूर झोन बी मध्ये येतं, पुणे झोन ए मध्ये, तिथं ३.२८३ टक्के लागतो म्हणजे दीड एक हजार जास्त. कंपन्या या बेसवर डिस्काउंट देतात आणि तो प्रत्येकीचा वेगळा, म्हणून तीन-चार ठिकाणचं कोटेशन घ्याच, डीलरच्या टेबलावर मिळतं तेवढ्यावर सही करू नका. वर झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाएवढी रक्कम) असे रायडर म्हणजे जादा कव्हर आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

आता तुमच्या केसमधली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एनसीबी, आणि लीजवाले याबद्दल स्वतःहून काही बोलत नाहीत. एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकलीत की इन्शुरन्स कंपनीकडनं एनसीबीचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर ५० टक्के सूट लावून घ्यायची. धरा डिस्काउंट जाऊन ओन डॅमेज ३० हजार राहिला तर १५ हजार पहिल्याच वर्षी वाचले. पण लीजची गाडी लीज कंपनीच्या नावावर असली तर पॉलिसी पण त्यांच्याच नावावर, तुमचा एनसीबी तिथं लागत नाही. आणि ते सर्टिफिकेट ३ वर्षंच चालतं, तुमची लीज ४ वर्षांची. म्हणजे लीज संपून स्वतःची गाडी घ्यायला जाल तेव्हा शून्यापासनं सुरुवात, २०, २५, ३५, ४५ करत परत ५० पर्यंत यायचं. एवढी वर्षं नीट गाडी चालवून कमावलेली गोष्ट आहे ती, अशी वाया घालवू नका, खरंच वाईट वाटतं बघून.

म्हणून एचआरला पहिला प्रश्न हा विचारा की आरसी कुणाच्या नावावर निघणार. काही लीजमध्ये आरसी कर्मचाऱ्याच्याच नावावर असते आणि लीज कंपनीचा फक्त बोजा असतो, तसं असेल तर चित्र एकदम वेगळं.

शिरोली_फाउंड्री
राजारामपुरीवाल्या सरांनी आरसीचं लिहिलं ते सोन्यासारखं आहे, त्यात माझी भर. महाराष्ट्रात पेट्रोल गाडी माणसाच्या नावावर घेतली तर १० ते २० लाखाच्या गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, आणि कंपनीच्या नावावर घेतली की २० टक्के. १८ लाखावर माणसाला २ लाख १६ हजार, कंपनीला ३ लाख ६० हजार. हा १ लाख ४४ हजाराचा फरक लीज कंपनी स्वतःच्या खिशातनं भरत नाही, ४८ महिन्यांत वाटलं तर महिन्याला ३ हजार झाले, व्याज वेगळं. आम्ही फर्मसाठी गाडी बघताना हे सगळं सीएकडनं करून घेतलं. लीज रेंटलवर जीएसटी पण गाडीच्याच दरानं लागतो, सप्टेंबर २०२५ पासनं चार मीटरच्या वरच्या या सेडानना ४० टक्के, आणि त्याचं इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतनं वळता करून घेणं) आमच्यासारख्याला मिळत नाही. लीजचा फायदा इन्कम टॅक्समध्ये आहे, तुम्ही ३० टक्क्याच्या स्लॅबमध्ये असाल तर तो छोटा नाही, फक्त पर्क म्हणून (कंपनीनं दिलेल्या सोयीची करासाठी धरलेली किंमत) काही रक्कम पगारात धरतात ती वजा करा. १६०० सीसीच्या आत आणि वर असे दोन दर असतात त्यात, तुमच्या तिन्ही गाड्या आतल्या दरात येतात.
आणि किलोमीटरची मर्यादा विचारा. पुणं इथनं २३० किलोमीटरच्या आसपास, आठवड्याला एक जाऊन-येऊन फेरी म्हटली तरी ४६०, वर्षाचे २३ हजाराच्या घरात गेले, घरची फिरती वेगळी. मर्यादेच्या वर प्रत्येक किलोमीटरला पैसे लावतात.

नागाळा_पार्क_कर
सगळे पैशाचं बोलताय, पाण्याचं कोण बोलणार? २०१९ चा आणि २०२१ चा महापूर आम्ही अंगावर काढलाय. पंचगंगा एका रात्रीत कुठं येते ते बघितलेल्या माणसाला सेडान घेताना पहिला विचार हाच येतो, आणि तुम्ही तर हायवेवरनं जाणार, शिरोलीजवळ पाणी आलं की पुणे-बेंगळुरू रस्ताच बंद. साध्या पॉलिसीत पुरात बुडालेल्या गाडीचं नुकसान मिळतं, पण पाण्यात स्टार्टर मारून इंजिन लॉक झालं तर ते इंजिन प्रोटेक्ट रायडर नसेल तर मिळत नाही. आणि टर्बो इंजिन, डीएसजी गिअरबॉक्स, या गोष्टींचं बिल ऐकून माणूस खाली बसतो.
माझ्या गाडीचं २०२१ ला असंच झालं. गाडी ऑफिसच्या लीजवर होती, पाणी फ्लोअरमॅटच्या वर आलेलं, सीटखालचा फोम पिळला तर गाळ निघत होता, मी चावीला हात लावला नाही, टोईंग करून वर्कशॉपला नेली. पण पॉलिसी लीज कंपनीच्या नावावर, क्लेम फॉर्मवर त्यांची सही पाहिजे, त्यांचा माणूस मुंबईत, सर्व्हेअर येऊन गेला तरी सहीचा कागद येईना. गाडी उघड्यावर वाळत पडली आणि रेंटल मात्र दर महिन्याला पगारातनं कापलं जात होतं. त्यामुळं लीज घेतलीत तरी पॉलिसीची कॉपी हातात घ्या, त्यात इंजिन प्रोटेक्ट आहे का डोळ्यानं बघा, आणि क्लेमला सही कोण करणार ते लेखी घ्या.

शिवाजीपेठकर_०९
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समोर बसवून पण सांगत नाही. एचआरला फोन केला, आरसी लीज कंपनीच्याच नावावर निघणार म्हणतात. आणि मध्येच नोकरी बदलली तर एकतर नवीन कंपनीनं लीज उचलायची नाहीतर उरलेलं सगळं भरून गाडी माझ्या नावावर करायची. अजून एक, स्टेज वन रीमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवणं) करायचा विचार होता, तो लीजमध्ये चालेल का?

राजारामपुरी_पॉलिसीवाला
रीमॅप लीजमध्ये अजिबात नाही, गाडी तुमची नसते, करारातच बदल करायला मनाई असते. स्वतःच्या गाडीत केलात तरी इन्शुरन्स कंपनीला कळवायला लागतं, न कळवता केलात आणि मोठा अपघात झाला तर क्लेम अडकतो, वॉरंटी पण जाते. १५० पीएस घाटात भरपूर होतात, राहू द्या.
नोकरी दोन-तीन वर्षांत बदलायचा विचार असेल तर माझं सरळ मत, लोन काढून स्वतःच्या नावावर घ्या, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरचं पासिंग करा, झोन बी चा दर आणि तुमचा ५० टक्के एनसीबी दोन्ही मिळेल. नोकरी पक्की असेल आणि टॅक्स ३० टक्क्यात असेल तर सीएकडनं दोन्ही आकडे शेजारी मांडून घ्या, १५ हजाराच्या एनसीबीपेक्षा टॅक्सची बचत मोठी निघू शकते, ते पगारावर आहे.
जुनी गाडी कुणाला विकताय ते ठरलं की आरसी ट्रान्सफर झाल्याचा कागद आणि जुनी पॉलिसी घेऊन एनसीबी सर्टिफिकेटला लगेच अर्ज करा, नव्या गाडीची डिलिव्हरी ठरायच्या आधी ते हातात पाहिजे.

करूळघाट_लव्हर
आणि रंग लाल घे भावा. डिलिव्हरीच्या दिवशी फोटो टाकायला विसरू नको.