नवशिक्याने मजेसाठी बुद्धिबळ खेळताना किती मिनिटांचा डाव निवडावा?

प्रश्न

मी सहा महिन्यांपूर्वी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, बुद्धिबळ शिकू लागलो आणि सोयीचा म्हणून मोबाइलवर १० मिनिटांचा, इन्क्रिमेंट (प्रत्येक चालीमागे घड्याळात मिळणारे जादा सेकंद) नसलेला डाव खेळतो. परवा माझ्याकडे राजा आणि हत्ती, तर समोरच्याकडे राजा आणि कडेचे एक प्यादे उरले होते. काय करायचे ते ठाऊक असूनही शेवटच्या अकरा सेकंदांत मी हत्ती नुसता इकडून तिकडे सरकवत राहिलो आणि वेळ संपून हरलो. रात्रीच्या जेवणानंतर तासभर मोकळा असलेल्या माझ्यासारख्याने कोणता टाइम कंट्रोल, म्हणजे डावासाठी किती वेळ, निवडावा?

पहिले उत्तर

समोर केवळ राजा उरला असता, तर तुमचा वेळ संपूनही डाव बरोबरीत सुटला असता. परंतु प्याद्याचा वजीर होऊन मात होऊ शकते, म्हणून त्या एका प्याद्यामुळे तो तुम्ही हरलात. तुम्हाला मिनिटांपेक्षा इन्क्रिमेंटची गरज अधिक आहे. १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला १० सेकंद असा डाव घेतल्यास चाळीस चालींपर्यंत प्रत्येकाला २१ मिनिटे ४० सेकंद मिळतात, म्हणजे तासाभरात एक डाव खेळून तो पुन्हा पाहण्याइतका अवधीही उरतो. जागतिक रॅपिड (जलद बुद्धिबळ) स्पर्धा याच वेळेत खेळवली जाते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवले, तो टायब्रेकही (बरोबरी फोडण्यासाठीचे डाव) याच वेळेचा होता.

दुसरे उत्तर

इन्क्रिमेंटबाबत सहमत आहे, परंतु वेळ वाढवली की खेळ आपोआप सुधारतो, हे मला मान्य नाही. माझी मुलगी १५ मिनिटांच्या डावात घड्याळात १३ मिनिटे शिल्लक असताना वजीर फुकट देऊन बसते, कारण समोरच्याने झटपट चाल केली की तिचाही हात आपसूक पुढे जातो. डाव संपल्यावर आपल्या घड्याळात किती वेळ उरला होता, हे आठवडाभर वहीत लिहून पाहा. दहा मिनिटे उरत असतील, तर दोष टाइम कंट्रोलचा नाही. शिवाय नावांवर जाऊ नका: १० मिनिटांच्या डावाला चेस डॉट कॉम आणि लीचेस ही संकेतस्थळे रॅपिड म्हणतात, तर फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांत तोच डाव ब्लिट्झमध्ये, म्हणजे रॅपिडहून जलद प्रकारात, मोडतो.

तिसरे उत्तर

घरी पटावर खेळत असाल आणि घड्याळ जुने, चावीचे असेल, तर त्यात इन्क्रिमेंट लावताच येत नाही; अशा वेळी सरळ २५-२५ मिनिटे लावावीत. बुलेटच्या (एक-दोन मिनिटांच्या डावांच्या) वाटेला मात्र वर्षभर तरी जाऊ नये, कारण त्यात बोटे तेवढी चपळ होतात. (हे मी स्वतः दोन वर्षे वाया घालवून सांगतो आहे.)

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आभारी आहे. काल १५ मिनिटे अधिक १० सेकंद असे दोन डाव खेळलो. पहिला हरलो, तेव्हा माझ्याकडे ९ मिनिटे शिल्लक होती, त्यामुळे दुसऱ्या उत्तरातील बोल मुकाट्याने स्वीकारतो. दुसऱ्या डावात पुन्हा हत्तीचाच शेवट आला. प्रत्येक चालीमागे दहा सेकंद मिळत असल्याने समोरच्या राजाला एकेक ओळ मागे रेटत नेता आले. मात द्यायला एकोणीस चाली लागल्या, आणि तेव्हा घड्याळात सव्वा मिनिट होते.