तिसऱ्या महिन्यातल्या पुटकुळ्या

'हेअर ट्रान्सप्लांट करून टकलावर लावलेले केस दीड महिन्यात गळाले, म्हणजे पैसे पाण्यात' असं या चर्चेत वर ज्यांनी लिहिलंय, त्यांनी जरा दम धरावा. गळतो तो नुसता केस, मूळ आतच असतं. उचलून दुसरीकडे रोवल्याच्या धक्क्याने ते झोपी जातं आणि साधारण ३-४ महिन्यांनी जागं होतं. माझ्या उशीच्या अभ्र्यावर तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी केस दिसायचे. बायकोने शेवटी पांढरा अभ्रा बदलून काळा घातला, तेव्हा कुठे माझी मोजदाद थांबली.

पण पुटकुळ्यांबद्दल इथे कोणीच बोललेलं नाही. तिसरा महिना संपताना माझ्या कपाळावरच्या केसांच्या नव्या रेषेत पाच-सहा लाल पुटकुळ्या आल्या, टोकाला पांढऱ्या. जंतुसंसर्ग झाला म्हणून घाबरून डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी भिंगातून फोटो काढून दाखवला: कातडीखाली नव्या केसाचं बारीकसं वेटोळं, बाहेर यायला वाट न मिळालेलं. कोमट पाण्याचा शेक द्या, नख लावू नका, एवढंच म्हणाले. (एक फोडलीच मी. आठवडाभर दुखली.) मात्र त्या पसरायला लागल्या, पू वाहिला किंवा ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नका. आणि पहिले केस येतील ते बाळाच्या जावळासारखे, पातळ नि वाकडेतिकडे. माझ्या न्हाव्याला सातव्या महिन्यापर्यंत त्यांचा भांगच पाडता येत नव्हता.