डॉक्टरांना सांगा, पण वेळ बघून

ताई, तुम्ही लिहिलंय की दापोलीचे तुमचे डॉक्टर आजोबांपासून सगळ्या घराला तपासतात, तुम्ही ट्रान्स स्त्री आहात हे त्यांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला कळेल. ही धास्ती खोटी नाही. मी राजापूरकडचा ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना घराच्या पडवीतच. बाकावर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू येतं. म्हणून मी दुपारी, कंपाउंडर जेवायला गेल्यावर गेलो. आधी एवढंच विचारलं, "इथलं बोलणं घरी जाणार नाही ना?" मग सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कुठल्या नावाने हाक मारू?" केसपेपरवर मात्र काही लिहिलं नाही, कारण तो कागद आईच्या हातात पडतो.

गुप्तता राखणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. आणि कुणी 'हे बरं करून देतो' म्हणालं, तर सरळ उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत.

मेडिकलमधून परस्पर इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, आणून घेत असाल तर डॉक्टरांना सांगायला अजिबात उशीर करू नका. त्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. उद्या पोटरी सुजली आणि डॉक्टरांना गोळ्यांचं माहीतच नसेल, तर ते मुका मार समजून मलम देतील. हार्मोनचे डोस ठरवायला एन्डोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनतज्ज्ञ, किंवा या उपचारांचा जाणकार डॉक्टर हवा, त्यासाठी कदाचित मोठं शहर गाठावं लागेल. पण बीपी आणि रक्ततपासण्या गावातच होतील.

तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहून न्या. वाचून झाली की परत मागून घ्या.