आईच्या फोनवर एसएआर १.१९, जर्मनीहून आलेल्या फोनवर ०.९५: कोणता वापरावा?

कणकुंबीकर (प्रश्न)

आमचे घर खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला आहे. पावसाळ्यात वीज गेली की रेंजही जाते आणि एरवीही एक-दोन काड्यांवरच भागवावे लागते. आई रोज संध्याकाळी चंदगडच्या मावशीशी तासभर फोन कानाला लावून बोलते, आणि बोलणे संपेपर्यंत फोन चांगलाच तापतो. म्हणून मी एसएआर (फोनच्या रेडिओ लहरी शरीरात किती शोषल्या जातात, त्याचे माप) दाखवणारा *#०७# लावून पाहिला, तर डोक्यासाठीचा एसएआर १.१९ वॅट प्रति किलो दिसला. भावाने जर्मनीहून पाठवलेल्या फोनच्या खोक्यावर मात्र ०.९५ छापलेले आहे. आपल्याकडची मर्यादा १.६ असेल, तर आई रोज तीन चतुर्थांश धोका पत्करते आहे का? दोन्ही फोनची अदलाबदल करावी, असे मनात आहे.

टिळकवाडीकर

अदलाबदलीची घाई करू नका, कारण हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत. एसएआर म्हणजे शरीराच्या ऊतींमध्ये दर किलोमागे किती रेडिओ ऊर्जा शोषली जाते, त्याचा दर. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा १ ग्रॅम ऊतीवरील सरासरीने १.६ आहे, तर युरोपात १० ग्रॅमवरील सरासरीने २ आहे. शोषण एखाद्या लहानशा जागी सर्वाधिक असते. ते दहापट वस्तुमानात पसरून मोजले की आकडा आपोआप खाली येतो. त्यामुळे जर्मनीच्या खोक्यावरचे ०.९५ आपल्या पद्धतीने मोजल्यास १.१९ पेक्षा जास्तही निघू शकते. त्या फोनवर भारतीय पद्धतीचा आकडा दिसत असेल, तरच तुलना करावी.

दुसरे असे, की हा आकडा फोन पूर्ण शक्तीने चालवून काढलेला असतो. डोक्याच्या आकाराच्या साच्यात ऊतींसारखे गुण असलेला द्रव भरतात, फोन त्याला टेकवतात आणि आतील सर्वांत वाईट जागा शोधून तिथले मूल्य नोंदवतात. १.१९ ही म्हणून वरची पातळी झाली. चांगल्या रेंजमध्ये तोच फोन तिच्या कितीतरी खाली असतो. तापण्याचे म्हणाल, तर फोन तापतो तो मुख्यतः बॅटरी आणि आतील सर्किटमुळे. त्यावरून एसएआरचा अंदाज बांधता येत नाही.

जांबोटीचा रहिवासी

वरील उत्तर बरोबर आहे, पण आपल्या भागापुरती खरी अडचण त्यातल्या 'चांगल्या रेंजमध्ये' या शब्दांत आहे. टॉवर लांब असला किंवा मध्ये डोंगर आला, की फोन आपली शक्ती वाढवतो. फोर-जीवर ती जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॅट असते. रेंज तुटून फोन टू-जीवर उतरला, की ९०० मेगाहर्ट्झवर क्षणिक शक्ती २ वॅटपर्यंत जाते. मात्र वेळेच्या दर आठ तुकड्यांपैकी एकातच प्रक्षेपण होत असल्याने सरासरी पाव वॅटच्या आसपास राहते. म्हणजे एका काडीवर तासभर बोलताना फोन चाचणीतल्या स्थितीच्या बराच जवळ पोहोचतो, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. शहरात राहणारे लोक टॉवर नको म्हणून निवेदने देतात, आणि आपण टॉवर यावा म्हणून देतो. कानाजवळच्या शक्तीचा विचार केला तर आपली मागणी अधिक शहाणपणाची आहे.

वडगावकर

माझी शंका वेगळी आहे. ही मर्यादा मुळात फक्त उष्णतेच्या परिणामावर बेतलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ब', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक', या गटात ठेवले. मग १.६ च्या आत आहे म्हणून निश्चिंत कसे राहायचे?

टिळकवाडीकर

वडगावकर साहेब, मर्यादेचा पाया उष्णतेचा आहे, हे खरे. संपूर्ण शरीराला सुमारे ४ वॅट प्रति किलो मिळू लागल्यावर प्राण्यांच्या वागणुकीत बदल दिसले. त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८, सामान्य लोकांसाठी संपूर्ण शरीराची मर्यादा ठरली, आणि शरीराच्या एका लहान भागासाठी १.६. '२ब' हा गट मात्र पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, धोका किती मोठा हे सांगत नाही. त्या वेळी पुरावा मर्यादित मानला गेला होता. तरीही फुकटात होणारी खबरदारी का टाळावी? स्पीकर किंवा इअरफोन लावून फोन कानापासून हातभर लांब ठेवला तरी शोषण झपाट्याने घटते. घरात वायफाय असल्यास वायफाय कॉलिंग सुरू करावे, कारण तिथे फोनला लांबच्या टॉवरपर्यंत पोहोचावे लागत नाही. आणि फोन कमरेला खोचून ठेवू नये, कारण शरीराजवळची चाचणी काही मिलिमीटर अंतर राखून केलेली असते.

कणकुंबीकर

सर्वांचे आभार. जर्मनीच्या फोनवर भारतीय आकडा दिसत नाही, त्यामुळे अदलाबदल रद्द केली. ओसरीच्या कोपऱ्यातल्या खांबाजवळ तीन काड्या येतात, म्हणून आईची खुर्ची तिथे हलवली आहे. इअरफोन तिने नाकारला. चुलीवरचे दूध उतू जाताना ऐकू यायला हवे, असे तिचे म्हणणे. स्पीकर तिला चालतो, पण आता मावशीच्या घरचे सगळे आमच्या शेजाऱ्यांनाही कळते.